गिऱ्हाइकाचा सोफा

मी एक सोफा बोलतोय. तीन माणसांचा, भरीव लाकडाचा, दोन्ही हातांवरचं कापड विरलेला. सध्या एका गोदामात आहे. पाठीला एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी चिकटवलेली आहे. डावीकडे कोणाचं तरी कपडे धुण्याचं मशीन, समोर गुंडाळून ठेवलेले गालिचे. इथे माझ्यावर कोणी बसत नाही, बसू नये अशी पाटीच लावली आहे. त्यामुळे मला वेळच वेळ आहे.

मला कोणी बनवलं ते आठवत नाही, फार जुनी गोष्ट आहे. पण बनवणारा कामाचा माणूस असावा. माझ्या पोटातली प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ बाजूंनी बांधलेली आहे. हल्ली एवढा वेळ कोणाकडे नसतो, फोमची लादी ठेवली की झाला सोफा तयार.

पहिलं घर चष्म्यांचं दुकान असलेल्या एका गृहस्थांचं. पोरंबाळं माझ्यावर नाचली, पाहुणे झोपले, आणि हळूहळू मी मधोमध खचलो. इतका, की मध्ये बसलेला माणूस दोन्ही बाजूंच्या माणसांना आपल्याकडे ओढून घ्यायचा. नवराबायकोचं भांडण असेल तेव्हा ते फारच अडचणीचं व्हायचं. शेवटी त्या गृहस्थांनी मला दुरुस्तीला टाकलं.

ज्याच्याकडे टाकलं त्याला सगळी गल्ली सोफेवाला म्हणायची. पुढे कारखाना म्हणजे एक मोठी खोली, मागे त्याचं दोन खोल्यांचं घर. त्याची बायको मशीनवर खोळी शिवायची, तो पट्टे ताणायचा, खिळे ठोकायचा. चष्मेवाल्यांनी थोडी रक्कम आगाऊ दिली आणि कापडाच्या नमुन्यांचं पुस्तक काखेत मारलं. म्हणाले, "घरी दाखवून सोमवारी सांगतो." त्याला अकरा वर्षं झाली. तो सोमवार काही उगवला नाही.

सोफेवाल्याने फोन केले, फोन लागला नाही. एकदा तो त्यांच्या दुकानात जाऊन आला, तर तिथे चपला विकायला ठेवलेल्या, आणि घराला कुलूप. मग कारखान्यात जागा पुरेना म्हणून त्याने मला मागच्या खोलीत आणून ठेवलं. तात्पुरतं.

त्या घरात दोन खुर्च्या आणि एक घडीची खाट होती, सोफा नव्हताच. मग बसायला मी आलो. पण कसं बसायचं याचे नियम होते. माझ्यावर खायचं नाही. पाय वर घ्यायचे नाहीत. रोज सकाळी धुतलेली चादर अंथरायची. सोफेवाल्याची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती धपकन बसली की आईचा आवाज यायचा, "हळू गं, गिऱ्हाइकाचा आहे." आलेगेले लोक चिडवायचे की सोफेवाल्याच्या घरात असा फाटका सोफा, लोकांनी तुझ्याकडे काम द्यावं तरी कसं. तो शांतपणे म्हणायचा, "कापड पसंत व्हायचंय त्यांचं."

हा सगळा धंद्याचा शिरस्ता होता. ज्याच्याकडे तो काम शिकला त्याने एकच गोष्ट डोक्यात भरवली होती, की माल गिऱ्हाइकाचा असतो, आपला फक्त हात. जुना सोफा उसवला की आतून काय काय निघतं, नाणी, बटणं, कानातलं, एखादी किल्ली. तो सगळं पाकिटात घालायचा, वर नाव लिहायचा आणि सोफ्याबरोबर परत द्यायचा. जे न्यायला कोणी आलं नाही ते एका खणात पडून राहायचं. त्यातलं एक नाणंही त्याने कधी खर्च केलं नाही.

मला वाईट वाटायचं का? वाटायचं. जुन्या घराने मला टाकलं होतं, आणि नव्या घरात मी रोज चादर बदलून ठेवलेला पाहुणा होतो. मुलगी एकदा तापाने फणफणली होती. माझ्यावर झोपायचा हट्ट धरला तेव्हा आईने एकावर एक दोन चादरी घातल्या. ती रात्रभर माझ्यावर घामेजून झोपली. माझ्या आयुष्यातली ती एक रात्र मला आवडते.

मग त्या हॉटेलचं काम आलं. दोनशे खुर्च्या. एवढं मोठं काम सोफेवाल्याने जन्मात केलं नव्हतं. फोम उधार आणला, कापड उधार आणलं, कारागिरांच्या मजुरीसाठी बँकेचं कर्ज काढलं, स्वतःच्या सहीने. खुर्च्या वेळेत पोचल्या. हॉटेल मात्र उघडलंच नाही. मालक कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही. पुढची दोन वर्षं एका कार्डाचा हप्ता दुसऱ्या कार्डाने भरण्यात गेली. टेम्पो गेला, बायकोच्या बांगड्या गेल्या.

वसुलीवाल्यांचे फोन सकाळी आठला सुरू व्हायचे. आधी तो उचलून बोलायचा, मग नुसता ऐकायचा, मग फोन कपाटात टॉवेलांखाली ठेवायला लागला. तरी तो तिथे गुरगुरायचाच. भर दुपारी हातोडी हातात घेऊन तो माझ्यावर येऊन बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. एकदा बायकोने विचारलं, "जेवायला वाढू का?" तो म्हणाला, "कोणाला?"

असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मुलगी, आता एकोणीस वर्षांची झालेली, त्याला हाताला धरून वकिलाकडे घेऊन गेली.

ती दोघं परत आली तेव्हा मला वाटलं आता रडारड होणार. दिवाळं निघणं म्हणजे आभाळ कोसळणं असं मी ऐकून होतो. तसं काहीच झालं नाही. फक्त कागद आले. वकिलांनी काय सांगितलं ते मुलीने आईला एकेक करून समजावलं. कोर्टात अर्ज टाकायचा, म्हणजे फोन बंद होतात. मग कोर्टाची एक अधिकारी येते आणि घरातल्या सगळ्या वस्तू बघते. पेपरात नोटीस येते. ज्यांचे पैसे द्यायचे आहेत ते सगळे कोर्टात येतात, वाटेल ते विचारतात. जगायला लागतं तेवढं ठेवतात, बाकीचं विकून त्यांच्यात वाटतात. शेवटी सगळं सरळ असेल तर सुटका, मग कोणी मागे लागू शकत नाही.

"आणि मशीन?" आईने विचारलं. तिच्या शिवणाच्या जाड मशीनबद्दल ती बोलत होती. त्याच्याशिवाय दोघांच्या हातांना काही कामच नव्हतं.

"पोटापाण्याचं हत्यार आहे म्हणून सांगायचं. बहुतेक सोडतात. पण काही लपवलं असं कोर्टाला वाटलं तर सुटकाही नाही आणि मशीनही नाही. म्हणून यादीत एक चमचासुद्धा सुटता कामा नये, असं म्हणालेत ते."

त्याच आठवड्यात यादी लिहायला बसले, माझ्यावरच. मुलगी मधोमध, आईबाप दोन्ही बाजूंना तिच्याकडे कललेले. तिने फॉर्म माझ्या हातावर ठेवला होता. ती विचारत होती, तो उत्तरं देत होता. खुर्च्या दोन. घडीची खाट एक. फ्रिज, दार नीट लागत नाही असा. टीव्ही. कपाट. बायकोने खरंच चमचे मोजून आणले, चौदा निघाले. एक पंखा आवाज करतो तेसुद्धा त्याने लिहायला लावलं. पेन इतकं दाबून चाललं होतं की अक्षरं माझ्या कापडावर उमटत होती.

त्यांनी मला लिहिलं नाही. तिघं माझ्यावर बसली होती, चौफेर नजर फिरवून एकेक वस्तू आठवत होती, आणि तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. शेवटी बापाने प्रत्येक पानावर सही केली. खाली छापलं होतं, वरील यादी पूर्ण आहे, मी काहीही लपवलेलं नाही.

अर्ज दाखल झाला आणि फोन खरंच थांबले. कपाटातली शांतता त्यांना सहन होईना. बायकोने दोनदा फोन काढून चालू आहे ना ते पाहिलं.

मग अधिकारी बाई आल्या. घरात त्यांचं नाव पडलं यादीवाल्या बाई. वागायला सभ्य, कामाला चोख. चपला दारात काढल्या, पाणी प्यायल्या आणि यादी हातात धरून घरभर फिरल्या. फ्रिज उघडून बघितला, दार खरंच लागत नव्हतं. मशीनपाशी बराच वेळ थांबल्या. सोफेवाल्याची बायको मशीनवर हात ठेवून उभी होती, ती बाजूला झाली नाही. बाई म्हणाल्या, हे हत्यारात बसतं असं मी लिहीन, पण ठरवणार कोर्ट. सगळं झाल्यावर शेरे लिहायला त्या माझ्यावर येऊन टेकल्या. खुणा करता करता त्यांचं पेन थांबलं. त्यांनी तळहाताने माझी बैठक थोपटली.

"हा यादीत दिसत नाही."

"तो आमचा नाही," सोफेवाला म्हणाला.

"मग कोणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"गिऱ्हाईक कुठे असतं?"

"माहीत नाही."

"तुमच्याकडे आला कधी हा?"

"अकरा वर्षं झाली, मॅडम."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. असली उत्तरं त्यांनी शेकड्याने ऐकली असणार. यादी करायला गेलं की प्रत्येकाचा फ्रिज मेव्हण्याचा निघतो आणि टीव्ही शेजाऱ्याचा. त्या तिघांकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या की हा भरीव लाकडाचा आहे, याला चांगली किंमत येईल, आणि हा न लिहिणं फार वाईट दिसणार आहे. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. सोफेवाला मात्र नुसता मान डोलवत राहिला, दुसऱ्याच कोणाची गोष्ट चालल्यासारखा.

जाता जाता बाईंनी कारखान्यातला एक खण ओढला. आत पाकिटं. नवी दिसणारी, पिवळी पडलेली, एकूण त्रेसष्ट. त्यांनी एक उघडलं. वर लिहिलं होतं, निळा सोफा, शाळेजवळचे डॉक्टर, एक बटण, दोन नाणी. हेही यादीत नाही, त्या म्हणाल्या. तेही गिऱ्हाइकांचं आहे, तो म्हणाला. बाई परत आत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला खालून वाकून बघितलं. माझ्या पट्ट्याला दोऱ्याने बांधलेली जुनी चिठ्ठी त्यांना सापडली, चष्मेवाल्यांचं नाव, घरचा पत्ता, आगाऊ रक्कम. त्यांनी तिचा फोटो काढून घेतला.

पेपरात नोटीस आली, तीन ओळींची. त्या दिवशी शेजारपाजारच्यांनी पेपर वाचलाच नाही असं दाखवलं. फोमवाला मात्र आला. सोफेवाल्याचा वीस वर्षांचा दोस्त, आणि बँक सोडली तर सगळ्यात जास्त पैसे त्याचेच अडकलेले. एरवी तो येताच माझ्यावर पसरायचा, एकदा तर घोरलाही होता. त्या दिवशी तो उभाच राहिला.

"कोर्टातून यादी मागवून बघितली मी. तुझी चौदा चमच्यांची यादी. त्यात सोफा नाही. मला विचारलं तर मी सांगणार, सोफा आहे म्हणून."

"सांग," सोफेवाला म्हणाला.

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही वाटत काही."

ते खरंच होतं. त्या दिवसांत त्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. चहा गार झाला तरी प्यायचा, गरम असला तरी तसाच प्यायचा. फोमवाला न बसताच गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे पैसे बुडत होते.

बाईंनी चिठ्ठीवरच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. ते फिरत फिरत चष्मेवाल्यांच्या मुलाकडे पोचलं, आणि त्याचं उत्तर आलं. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले, सोफ्याचं आम्हाला काही आठवत नाही, आम्हाला तो नको, आगाऊ रकमेवरही आमचा दावा नाही. सही. मुलीने ते पत्र माझ्यावर बसून मोठ्याने वाचलं. ज्या घरातली पोरं माझ्यावर नाचली होती, त्यातल्याच कोणाची ती सही होती. मला पुन्हा वाईट वाटलं, पण आधीइतकं नाही.

तारखेच्या दिवशी तिघं कोर्टात गेली. तिथे काय झालं ते मुलीने संध्याकाळी मावशीला फोनवर सांगितलं, ते मी ऐकलं. खोली छोटी होती, पंखा जोरात होता, कागद उडत होते. न्यायाधीश साहेबांनी बाकीचं भराभर संपवलं आणि विचारलं, हा सोफा तुमचा आहे का. बाबा अडकले. हो म्हणावं तर लपवला असं होतं, आणि नाही म्हणावं तर आता पत्र आलेलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग बाबा उभे राहून म्हणाले:

"साहेब, अकरा वर्षं आम्ही त्याच्यावर बसतोय. पण माझा आहे असं म्हणायची सवय नाही मला. माल गिऱ्हाइकाचा असतो, एवढंच शिकलोय. यादी लिहिताना तो डोळ्यांसमोर होता आणि दिसला नाही. लपवला म्हणाल तर तसं लिहा."

साहेबांनी यादीवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी खणातल्या त्रेसष्ट पाकिटांबद्दल सांगितलं आणि एक पाकीट टेबलावर ठेवलं. मग फोमवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लपवणारा माणूस नाही हा, लपवाछपवी कळत असती तर हॉटेलवाल्याला आधी ओळखलं असतं याने. पण माझे पैसे मात्र देववा. खोलीत दोघंतिघं हसले. बाबासुद्धा हसले म्हणाली, किती महिन्यांनी.

साहेबांनी हुकूम दिला. सोफा यादीत स्वतःच्या मालकीचा म्हणून लिहायचा आणि विक्रीला द्यायचा. मशीन आणि हत्यारं राहतील. सहा महिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं तर सुटका. हे ऐकून घरात कोणी आनंदाने उड्या मारल्या नाहीत. बायकोने मशीनवर कापड झाकलं, काढलं आणि पुन्हा झाकलं. सोफेवाला माझ्यावर बसल्याबसल्या झोपला, तोंड उघडं टाकून.

दोन दिवसांनी बाई सुधारलेलं पान घेऊन आल्या. क्रमांक एक्केचाळीस, तीन माणसांचा सोफा, भरीव लाकूड, कापड फाटलेलं, मालक स्वतः. त्याने सही केली. बायकोने ते पान हातात घेऊन ओळ दोनदा वाचली.

"अकरा वर्षांनी आला बघा घरात," ती म्हणाली.

न्यायला गाडी चार दिवसांनी येणार होती. त्या चार दिवसांत त्यांनी काही वेगळं केलं नाही. चादर रोज बदलली जात होती. मुलीने एकदा पाय वर घेतले, लगेच खाली ठेवले. तिसऱ्या दिवशी सोफेवाल्याने मला उलटं केलं. मधल्या चार सुतळ्या तुटल्या होत्या, त्या त्याने बोटांनी चाचपल्या. त्याच्या हाताला इतकी वर्षं ते काम खुणावत होतं, कापड ठरलं की करू म्हणून राहिलेलं. त्याने बाईंना फोन करून विचारलं की तेवढ्या स्प्रिंगा बांधून दिल्या तर चालेल का, वेगळे पैसे नकोत. बाई नम्रपणे म्हणाल्या की विक्रीच्या वस्तूला आता हात लावू नका. बरं, तो म्हणाला. मला पुन्हा सरळ केलं आणि सुतळीचं बंडल जागेवर ठेवून दिलं.

गाडी सकाळी आली. दोन हमाल, एक कागदवाला. बायको कारखान्यात मशीनवर बसून राहिली, मशीन मात्र चालू नव्हतं. हमालांनी मला दारातून तिरकं करून बाहेर काढलं. सोफेवाला माझा पाय चौकटीला लागू नये म्हणून तळहात मध्ये धरून चालत होता, गिऱ्हाइकाचा माल पोचवताना चालायचा तसा. रस्त्यावर कागदवाल्याने पेन पुढे केलं.

"मालक कोण?"

सोफेवाल्याने मागे वळून दाराकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

मग तो तिथेच गाडीच्या चाकापाशी खाली बसला आणि रडला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मुलगी धावत आली, कागदवाल्याने नजर वळवली. माझ्यावर सतरंजी टाकून गाडी निघाली, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही.

सहा महिने आता होऊन गेले असतील. त्याला सुटकेचा कागद मिळाला का, हे मला इथे कोण सांगणार? मिळाला असावा. मशीन चालू असावं. माझ्या जागी तिथे आता काय ठेवलं असेल, याचा मी विचार करतो.

इथे पहिल्या विक्रीत मला गिऱ्हाईक मिळालं नाही. आता किंमत उतरवली आहे, त्यामुळे कोणीतरी घेईल. जो घेईल त्याला माझी एकच विनंती आहे. कापड कुठलंही घाला, घाई नाही, नाही घातलंत तरी चालेल. पण घरात नेलंत त्याच दिवशी, कोणी विचारायची वाट न बघता, एकदा मोठ्याने 'हा माझा' म्हणा.